सुमन, तुझा सोमवार मी मोडला

प्रिय सुमन,

आज सोमवार, आणि मी जेवलो. दोन भाकरी, मटकीची उसळ, वर बुक्कीनं फोडलेला कांदा. तू जाऊन तीन वर्षं होत आली. एवढ्या सोमवारांत आज पहिल्यांदा दुपारी माझ्या ताटात भाकरी पडली. दुसऱ्या कुणाकडून तुला कळण्याआधी आपणच कळवावं म्हणून लिहितोय. आणि खरं सांगू? भांडायचंय म्हणून लिहितोय. समोर असतीस तर दोन वाक्यांत मला गप्प केलं असतंस. आता मात्र तुला सगळं ऐकून घ्यावं लागेल!

तुझ्या माघारी तुझा उपास मी धरला होता, हे तुला ठाऊक नसेल. तुझी लुगडी बायकांत वाटली, डोरलं सुनेच्या गळ्यात गेलं. मला उरला तो सोमवार. लग्न झाल्यापासून अडतीस वर्षं तू तो महादेवासाठी धरलास, म्हटलं पुढचे आपण धरू. सोमवारी सकाळी अंघोळ करून ओट्यावर बसलो, पोटात भूक कुरकुरली की वाटायचं, तू आत चुलीपाशी आहेस. सांगायला लाज वाटते, पण त्या भुकेत मला शाळेतल्या कविता चालीसकट आठवायच्या.

आणि मग त्या सोमवारावर आपल्या सुनेनं, अश्विनीनं, काट मारली!

झालं असं. आपल्या विजयच्या शिरवळच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला. घरात हात आखडला. तीन आठवड्यांपूर्वी अश्विनीनं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, पट्टीनं चौकटी आखल्या आणि ते फ्रिजवर चिकटवलं. सात वार, सकाळ-संध्याकाळ. कुठल्या दिवशी काय शिजणार आणि कोण काय खाणार, सगळं आधीच ठरलेलं. बाजारात जायचं ते त्या कागदावरून यादी काढून, यादीबाहेरचं काही आणायचं नाही.

माझा संताप संताप झाला. अगं, भूक काय चौकटी बघून लागते? पश्चिमेचं आभाळ केशरी झालं की मला तुझी डांगराची घारगी आठवतात. त्या दिवशी आभाळ असं पेटलेलं, मी उठून आत गेलो, तर फ्रिजवर लिहिलेलं, ‘दोडका’! दोडक्यावर कुणी कविता केल्याचं तुझ्या ऐकिवात आहे का?

तू म्हणशील, ‘तुमी नका बाजाराचं बोलू.’ कबूल. तू बाळंतिणीच्या खोलीत होतीस तेव्हा एकदाच मला बाजाराला धाडलंस आणि मी भला थोरला डांगर भोपळा खांद्यावर घेऊन आलो. रंग बघून भुललो होतो. ना मिरची आणली, ना मीठ. दारात मला बघून तू कपाळावर हात मारलास. “आवं, बाजार आणलाय का नवरी?” आठ दिवस घरात डांगरच डांगर! भाजी, भरीत, घारगी, शेवटी बिया भाजून. त्यानंतर तू मला पिशवी दिली नाहीस, आणि मीही ती मागितली नाही. सुटलो असं वाटलं मला. तिथंच चुकलं.

तर त्या कागदावर सोमवारच्या चौकटीत लाल पेनानं लिहिलेलं होतं: ‘आबांचा उपास बंद.’

“हे कुणाला विचारून?” मी ओरडलो.

“आबा, चिडू नका,” अश्विनी म्हणाली. “साबुदाणा, शेंगदाणे, रताळी, राजगिऱ्याचे लाडू, केळी, दूध. अख्ख्या आठवड्यातला महागडा दिवस तुमच्या उपासाचा आहे. आणि साखर वाढतेय ती वेगळीच. डॉक्टर मला बोलतात, तुम्हाला नाही.”

“तुझ्या सासूचा सोमवार आहे तो! तो तू किराणात धरतेस?”

“आईंचा सोमवार आईंनी केला, आबा. मला तुम्ही धडधाकट पाहिजेत.”

वर आपली नात जुई, चौथीतली चिमुरडी, म्हणते, “आबा, उपासाला तुम्ही जास्तच खाता!” कुणाची जीभ आलीय तिच्याकडं, सांगायला नको.

मी ऐकलं नाही. दोन सोमवार हट्टानं धरले. कोपऱ्यावरच्या दुकानातून साबुदाणा आणून स्वतः भिजवला. त्याचा गोळा झाला, तो तसाच गिळला. सुनेशी बोलणं बंद. विजय म्हणाला, “आबा, एवढं काय त्यात?” एवढं काय! मी त्याला ऐकवलं, तुझ्या आईच्या भक्तीवर या घराचं छप्पर उभं आहे!

असं म्हणालो मी, सुमन. चार भिंतींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

काल शिराळ्याहून तुझी इंदू आली. धाकटी बहीण म्हणजे काय असते ते तिच्याकडं बघून कळावं. गुडघे गेलेत, पण तोंडाला अजून तीच धार. मला वाटलं, चला, आपल्या बाजूचं माणूस आलं. आज सकाळी चहा होताच तिला हाताला धरून फ्रिजपुढं उभं केलं. म्हटलं, “बघ, तुझ्या बहिणीच्या घरात काय चाललंय!”

इंदूनं चष्मा लावला. बोट फिरवत वाचत गेली. मंगळवारी बाजार, म्हणून मंगळवार-बुधवार मेथी, पोकळा. गुरुवार-शुक्रवार वांगी, गवार, दोडका. शनिवार-रविवार डांगर, बटाटा. सोमवारी मटकी.

“गुणाची गं बाई!” ती अश्विनीला म्हणाली. “ह्ये तर आमच्या आक्काचंच हाय सगळं. नासणारं आधी, टिकणारं मागनं, आन बाजाराच्या आदल्या दिशी कडधान्य. आक्काच्या डोक्यात हुतं, तू कागदावर मांडलंस.”

अगं, मी अडतीस वर्षं तुझ्या हातचं जेवलो! सोमवारी मटकी असते, हा मला सृष्टीचाच नियम वाटायचा. सूर्य पूर्वेला उगवतो तसा. त्यामागं कुणी बसून विचार केलाय, हे माझ्या मनाला कधी शिवलंच नाही.

तरी मी हटलो नाही. “ते राहू दे, इंदू. सोमवारची चौकट वाच. तुझ्या आक्काचा उपास मोडायला निघालीय ही.”

इंदूनं चष्मा काढला. “दाजी, तुमी अजून त्यो धरता?”

“धरतो. तिच्या महादेवासाठी.”

“कसला महादेव घिऊन बसलायसा?” ती म्हणाली. “आक्का दिवाळीला म्हायेरी आली की सोमवारी दोन येळा जेवायची. एकदा आईनं इचारलं, सुमे, तुझा सोमवार गं? तर म्हणली, आई, हितं रोज भाजी मिळतीय. तिकडं बाजार मंगळवारचा हाय, म्हणून सोमवार धरती.”

सुमन, मी तिथंच खाली बसलो.

म्हणजे भाजीची दुरडी रिकामी होण्याचा दिवस तू महादेवाच्या नावावर लावलास! माझी आई होती, दोन भाऊ शिकायला होते, पोरं होती, मी होतो. मटकीचं पातेलं आमच्यापाशी येऊन संपायचं. एक पान कमी केलं की सगळ्यांचं भागायचं, आणि ते पान तू स्वतःचं उचललंस. रात्री आमचे हात धुऊन झाल्यावर तव्याशी बसून तू उपास सोडायचीस. कशावर सोडायचीस गं? मी कधी आत येऊन बघितलंसुद्धा नाही!

पण मला सांग, खोटं कशाला बोललीस? ‘आवं, आज पुरत नाही,’ एवढं म्हणायला तुझी जीभ जड झाली का? जिनं डांगरावरून गावभर माझं हसं केलं तिची? मी अर्धी भाकरी मोडून दिली नसती, असं वाटलं का तुला? की दिली असती, आणि तेच तुला नको होतं? देवाच्या नावाखाली उपाशी राहिलीस म्हणजे नवऱ्यानं विचारायची सोय नाही. हुशार होतीस! पण माझ्यावर अन्याय केलास तू. भुकेत वाटेकरी व्हायचा माझा हक्क मारलास.

मी काय काम करायचो ते आठवतंय ना? कालव्यावर मोजणीदार. पाण्याची पाळी सुटली की पहिलं पाणी शेपटाकडच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या रानाला, मग वर वर येत तोंडाकडच्याला. कारण तोंडाशी असलेला आपलं भिजवून घेतोच. कोरडा राहतो तो शेपटाचा. तोंडाकडचे बागायतदार माझ्या अंगावर धावून यायचे. एकाला मी म्हणालो होतो, “अण्णा, आधी शेपूट भिजंल, मग तुमचं तोंड!” घरी येऊन फुशारकीनं तुला सांगितलं. तू हसलीस. ताट वाढता वाढता हसलीस. तो सोमवार होता का गं?

साऱ्या कालव्याला न्याय वाटत फिरलो, आणि माझ्या घरात शेपटाला तू होतीस. पाणी तिथवर पोचलंय का, ते बघायला मी कधी गेलो नाही.

आणि ती कविता! तुझ्या वर्षश्राद्धाला पै-पाहुण्यांपुढं मी चालीवर म्हटली:

उपाशी तू सोमवारी, मुखी शंकराचे नाव,
भक्तीने भरले पोट, भुकेला कुठला वाव!

अष्टाक्षरी बसवली होती. बोटांवर अक्षरं मोजली, सुमन. तुझ्या ताटातल्या भाकरी मोजल्या नाहीत. लोक डोळे पुसत होते. आज मी इंदूला विचारलं, “तू तिथंच बसली होतीस. तेव्हा का नाही बोललीस?”

“तुमी कविता म्हणत हुता, दाजी,” ती म्हणाली. “कवितेत मधीच कसं बोलायचं?”

ती वही मी पेटवणार होतो. पेटवली नाही. राहू दे. कवितेचं वेड कुठवर नेतं ते जुईला एक दिवस दाखवीन.

मग दुपारी जेवायला बसलो. मीच म्हणालो, “अश्विनी, मला भाकरी वाढ.” तिनं माझ्याकडं बघितलं आणि भाकरी तव्यावरची गरम आणली. पहिला घास कसाबसा गिळला. दुसरा उतरला. भूक निर्लज्ज असते बघ.

जेवून हात पुसत फ्रिजपाशी गेलो. तीन आठवडे त्या कागदाशी भांडत होतो, पण लाल अक्षरांखेरीज नीट काही वाचलं नव्हतं. सोमवार रात्रीच्या चौकटीत बारीक अक्षरात होतं: ‘आबा, हे, जुई – मुगाची खिचडी. मी – उरेल ते.’

सुमन, मी ते बोट ठेवून पुन्हा वाचलं.

“अश्विनी, हे काय?” मी विचारलं.

“कुठं काय?” ती भांडी आवरत म्हणाली. “मला सोमवारी रात्री भूकच नसते हो, आबा.”

मी इंदूकडं बघितलं. इंदूनं माझ्याकडं. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, “आली बगा, दुसरी महादेवाची!”

मी काय केलं असेल? ओरडलो. पुन्हा ओरडलो! पण या वेळी योग्य माणसासाठी ओरडलो. विजयला फोन लावून त्याच्यावरही ओरडलो. कागद तुझ्या घरात रोज डोळ्यांपुढं आहे, तू तो एकदा तरी पुरता वाचलास का, म्हणून. माझाच मुलगा तो, कुठून वाचणार?

अश्विनी घाबरली. तिला वाटलं, मी कागद फाडतोय. फाडला नाही. तो कागद चांगला आहे, सुमन. अक्कल आहे त्यात, तुझीच आहे. पोरीनं घर सावरायला तो मांडला. फक्त त्यात शेपटाला कोण आहे, हे ज्यानं बघायचं तो तोंडाशी बसून उपासाचे लाडू खात होता! माझ्या त्या लाडवांचा खर्च भरून काढायलाच तिनं ‘उरेल ते’ लिहिलं असेल, हा विचार मला चावतोय.

मी पेन घेतलं. ‘आबांचा उपास बंद’ याच्याखाली सही केली. ‘उरेल ते’ खोडलं आणि लिहिलं, ‘पहिलं ताट’. अश्विनी म्हणाली, “आबा, असं कुठं असतं?” मी म्हणालो, “कालव्यावर असतं.”

आता दिवेलागण झालीय. आत खिचडीला फोडणी पडली, तिचा वास ओट्यापर्यंत आलाय. विजय येईलच एवढ्यात. म्हणून आवरतं घेतो.

तुला शब्द देतो, सुमन. आज पळी माझ्या हातात असेल. या घरात इथून पुढं सोमवारी रात्री वाढायला मी उभा राहीन, आणि पहिली पळी पडेल ती अश्विनीच्या ताटात. तिनं चार घास खाल्लेले या डोळ्यांनी बघीन, मग पातेलं पुढं सरकेल. कमी पडलं तर सगळ्यांना कमी पडेल. उद्या मंगळवार. यादी आणि पिशवी मी मागून घेतलीय. मेथी, पोकळा, वांगी, गवार, मटकी. डांगर यादीत आहे, पण अर्धंच.

तुझ्यावरचा राग काही इतक्यात जायचा नाही. भेटल्यावर पुरा करू. तोवर तिथं कुणी वाढत असेल तर आधी तुझं ताट पुढं कर.

तू कधी माझं नाव घेतलं नाहीस, म्हणून मीही ते इथं लिहीत नाही,

तुझा
‘आवं’