सुट्टी मागताना मी शेजारी होतो

नाही आबा, तू तेव्हा खोटंच बोललास. तू आता नाहीस म्हणून मी ते बदलणार नाही. शहाद्याच्या जिनिंगमधून आपल्या गल्लीतल्या काकांना काढलं, काका दाद मागायला लेबर ऑफिसात गेले, आणि तू साहेबासमोर उभा राहून म्हणालास, हा आपणहूनच यायचा बंद झाला. फाटकावर वॉचमन तूच होतास. काकांना आत सोडू नको, हे मालकाने तुलाच सांगितलं होतं. जेवताना मी विचारलं, तर माय तव्यावरची भाकर उलटायची विसरली आणि तू म्हणालास, "चूप ऱ्हाय. घर मले देखनं पडस, तुले नई." दुसऱ्या दिवसापासून काकी आपलं दार टाळून पलीकडच्या गल्लीने पाण्याला जायला लागल्या. मी महिनाभर तुझ्याशी बोललो नाही, मग सुरतला निघून आलो.

इथे मी कपडा रंगवायच्या मिलमध्ये आहे. खोलीत माझ्यासोबत धडगावकडचा एक पावरा आदिवासी आहे, मी त्याला भाऊ म्हणतो. चार वर्षं तो आमच्याच मिलमध्ये रंगाच्या उकळत्या टाक्यांवर होता. गेल्या वर्षी होळीला त्याला नवसाचं नाचायचं होतं, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधून. ते व्रत घेतलं की मध्येच सोडता येत नाही. त्याने माझ्यासमोर सुपरवायझरकडे सुट्टी मागितली. तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "जा ने भाई, होळी पतावीने आवजे." आपल्याकडची माणसं अर्ज कुठे लिहितात आबा? जा, होळी उरकून ये म्हटलं की निघायचं. भाऊ आठव्या दिवशी परत आला तर फाटक बंद, आणि कागदावर लिहिलेलं की हा न सांगता काम सोडून गेला. नोटीस नाही, चौकशी नाही, काही नाही.

कामगारांच्या केसेस लढणारी एक वकीलबाई आहे. ती म्हणाली, "असं काढता येत नाही. पण हा सुट्टी मागून गेला, हे कोर्टात सांगणारा कोणी आहे का?" भाऊ खाली बघत बसला. माझ्याकडे बघितलं असतं तर बरं होतं, मी त्याच्यावर चिडलो तरी असतो. शेवटी मीच म्हणालो, मी होतो शेजारी.

परवा सुपरवायझरने मला बोलावून चहा पाजला. "तेरा भी गाँव उधर ही है ना? होली तो तू भी मनाता होगा." एवढंच बोलला आणि हसला. तेव्हापासून गेटवरच्या मशीनने पहिल्यांदा अंगठा घेतला नाही की दर वेळी वाटतं, काढलं आपल्याला. भाऊ चिडवतो, "तुला काढलं तर गावाला नेतो नाचायला. पण हे पोट घेऊन तुला भोपळे बांधायचे कुठे?" मी हसतो. ताट मात्र अर्धंच सारतो.

काल आंघोळ करताना मी तुझं वाक्य म्हणून बघितलं. साहेब, हा आपणहूनच यायचा बंद झाला. किती सरळ निघालं रे तोंडातून! खरं म्हणायला गेलो तर दोन शब्दांवर अडलो. तुझंही असंच झालं होतं का? मी आजवर समजत होतो, मालकाने तुला काहीतरी दिलं असेल. भ्यायलो होतो, एवढं एकदा तरी बोलायचं होतंस. मी भांडलोच असतो, पण बोललो असतो तुझ्याशी.

उद्या अकराला साक्ष आहे. जाणार असं लिहितोय, पण सकाळी खरंच निघेन का ते मला ठाऊक नाही. मायला यातलं काहीच सांगितलेलं नाही. पुढचा पगार होईल की नाही कोणास ठाऊक, म्हणून आहे ते सगळं आजच तिच्या खात्यात टाकतोय. खोलीचं भाडंही ठेवलं नाही, फक्त कोर्टापर्यंतचं रिक्षाभाडं काढून घेतलं. अकरा हजार तीनशे.