काढ्याच्या दुकानातला नवस

अहो,

"पोरीला गरमी चढलीय. काढा पाज आणि गप्प बस," असं तुमचे दादा त्यांच्या काढ्याच्या दुकानात गिऱ्हाइकांदेखत मला म्हणाले होते. आपल्या हॉइ-लामच्या नाकातून रक्त येत होतं, मानेला गाठ आली होती. मी आठ महिने काढा पाजला आणि गप्प बसले. तोवर नाकामागचा कॅन्सर मानेत उतरला.

काल तिचं शेवटचं, तेहतिसावं रेडिएशन झालं. तोंड आतून सोललंय, पेज गार करून द्या. कानात शिट्टी वाजते म्हणते, तेव्हा समोर बसून बोला. मला व्रत आहे, माझ्यासाठी मासळी ठेवू नका.

क्वान-याम देवीच्या देवळात नवस फेडायला दादांनी संत्री पाठवलीत. ती परत नेतेय. रेडिएशन देताना डोकं हलू नये म्हणून पोरीला ज्या जाळीच्या मुखवट्यात टेबलाला जखडायचे, तो हॉस्पिटलने दिलाय. तो दादांच्या गल्ल्यावर टांगायचा, हाच नवस मी देवीला बोलले होते. आवाज चढवणार नाही. हा कुणाचा म्हणून कुणी विचारलंच, तर पोरीचं वय सांगेन.

ती झोपलीय. दार हळूच ओढून निघते.

वाय-लान