ओट्याची उंची

९ मार्च

प्रिय लंबू,

अनेक आशीर्वाद. तुझ्या डोक्यावर हात ठेवायला मला स्टूल लागतं, तरी पोचले असं समज. माझी तब्येत ठणठणीत आहे. शिलाई मशीनही बरं आहे, कुरकुर माझ्याइतकीच करतं.

मोठी बातमी म्हणजे आमची घरं बांधून झाली! भाडं परवडेना म्हणून निवाऱ्यात येऊन पडलेली आम्ही माणसं, जन्मात कधी विटेला हात न लावलेली. आणि आता भिंतीवर हात फिरवून "ओळंब्यात आहे, अगदी सरळ" असं ऐटीत सांगतो. जुन्या गोदामामागची जागा नगरपालिकेनं दिली, मजुरी आमची. आम्हाला काम शिकवणाऱ्या मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कुणाचं घर कुठलं, ते सगळी घरं उभी राहिल्यावर चिठ्ठ्या टाकून ठरेल." त्यामुळे कुणी अंगचोरपणा केला नाही. न जाणो, तीच भिंत आपल्या वाट्याला यायची!

स्वयंपाकाचे ओटे बांधायचं काम माझ्याकडे होतं. सगळे एकाच मापाचे करायचे होते. आता हसू नकोस. त्यातला एक मी वीतभर उंच बांधला.

चुकून नाही. मापाची काठी हातातच होती. पण विटा रचताना तू डोळ्यांपुढे यायचीस. आधी आईच्या स्वयंपाकघरात, मग भाड्याच्या प्रत्येक खोलीत, ओट्यापुढे कमरेत वाकून उभी. आणि काम आवरलं की म्हणायचीस, "ताई, पाठीवर जरा पाय दे ना." मला वाटलं, जगात एक तरी ओटा हिच्या मापाचा असू दे. घर कुणाला जाईल याचा विचारच केला नाही. म्हातारचळ लागला म्हण हवं तर.

चिठ्ठ्या निघाल्या आणि ते घर गेलं आमच्यातल्याच पाववालीला. ती तर माझ्याही खांद्याला लागते! दुसऱ्या दिवशी पावाचा क्रेट उपडा घालून ती त्यावर उभी राहिली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "हा ओटा बांधला कुणी? मी पीठ काय हनुवटीनं मळू?" सगळे पोट धरधरून हसले. मीही हसले.

मिस्त्री हातोडा घेऊन आला. तो पहिला घाव घालणार तोच मी म्हटलं, "थांबा, तोडू नका. मी बांधलाय तो. माझ्या बहिणीच्या मापाचा आहे."

"मग बहीण कुठाय?"

लंबू, तू लिहितेस, खोली छान आहे, उजेड भरपूर आहे. पत्ता मात्र दर वेळी तुझ्या कामाच्या लॉन्ड्रीचा. गेल्या हिवाळ्यात मी तुला भेटायला आले होते, तुला कधी सांगितलं नाही. लॉन्ड्री अजून उघडायची होती. काचेतून आत पाहिलं तर इस्त्रीच्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. एवढे लांब पाय आपल्या घराण्यात एकीचेच. मी दार वाजवलं नाही. वाजवून तुला नेलं कुठे असतं? माझ्याकडे तेव्हा निवाऱ्यातली एक खाट होती. परतीच्या बसमध्ये वाटभर रडले.

यातलं काही मी तिथे बोलले नाही. एवढंच म्हटलं, "तिला अजून बोलावलं नाही."

पाववाली क्रेटवरून खाली उतरली. म्हणाली, "माझं घर तू घे, तुझं मला दे. पण रिकाम्या ओट्यासाठी नाही हं. त्याच्यापुढे उभी राहणारी आण." सभेत अदलाबदलीला सगळ्यांनी हात वर केले. मिस्त्री मात्र अडून बसला. रविवारपर्यंत थांबेन म्हणाला, बहीण आली नाही तर फोडून सगळ्यांसारखा करणार, नाहीतर तुम्ही एक दिवस स्टुलावरून पडून हातपाय मोडून घ्याल.

तर सध्या मी त्या घरात आहे आणि स्टुलावर चढून चहा करते. परवा खाली उतरताना पडता पडता वाचले. तेव्हा उपकाराची भाषा काढू नकोस, गरज मला आहे. खोल्या दोन आहेत. कागदावर दोघींची नावं घातली आहेत, तुला न विचारता. भांडायचं असेल तर इथे येऊन भांड. तुझ्या खोलीत पलंग अजून नाही. सुतार म्हणतो, माप घेतल्याशिवाय करणार नाही. पाय बाहेर येता कामा नयेत, अशी मी त्याला ताकीद दिली आहे.

तुझ्या त्या छान खोलीबद्दल मी काही विचारणार नाही. तूही सांगू नकोस.

रविवारी सकाळी मिस्त्री हातोडा घेऊन येईल. त्याच्या आधी तू ये, आणि ओट्यापाशी नुसती ताठ उभी राहा.

स्टुलावरून तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी बुटकी ताई