पाहुण्यांचा पहिला धडा

दिनांक २१ जानेवारी २०२५, मंगळवार. सकाळच्या एसटीने तेल्हाऱ्याला गेलो. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, दोन-चार प्रश्न विचारले आणि माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. दुपारी परत आलो, भाकरी खाल्ली आणि लिहायला बसलो.

मी श्रावण बुधाजी तेलगोटे, वय एकाहत्तर, पशुवैद्यकीय दवाखान्यातला निवृत्त ड्रेसर, राहणार हिवरखेड, जिल्हा अकोला. हे मृत्युपत्र माझ्या मनाने लिहीत आहे. दडपण आणायला पुतण्या शेखर दोनदा येऊन गेला, त्याचा उपयोग झाला नाही. मला मूलबाळ नाही. पत्नी रश्मी गेल्या ऑगस्टमध्ये वारली.

१. माझ्या कमाईतून बांधलेले राहते घर, समोरच्या खोलीसह, कु. करिश्मा विनोद डाबेराव हिला देतो. ती नात्यातली नाही. ती रश्मीची विद्यार्थिनी आहे आणि रश्मीनंतर समोरच्या खोलीतला इंग्रजीचा वर्ग तीच चालवते. तो तिने पुढे चालवावा.

शेखरला तिथे मोबाइलचे दुकान टाकायचे होते. तो मला म्हणाला, "काकाजी, किरिस्तावायच्या वर्गासाठी घर देता? लोक काय म्हनतीन?" म्हणून लिहून ठेवतो. ख्रिस्ती मिशनने गावात बोअर खोदली, बायांना शिलाई यंत्रे दिली, मुलांसाठी इंग्रजीचे केंद्र काढले आणि रश्मीला तिथे शिकवायला ठेवले. धर्म बदला असे आम्हाला कोणी म्हटले नाही. आमच्या घरात बुद्धवंदना होत होती, आजही होते. शेखर त्याच बोअरचे पाणी पितो.

२. मिशनवर माझा राग पाहुण्यांवरून आहे. दर हिवाळ्यात परदेशातून नवे पाहुणे येत, पंधरा दिवस इंग्रजी शिकवत आणि दर वेळी पहिल्या धड्यापासून सुरू करत. मुलांना तो पाठ होता. पण पाहुण्याचे मन मोडायचे नाही ही आमच्याकडची रीत. मुले गप्प बसत आणि पाहुण्यांनी शब्द सांगितला की आजच कळल्यासारखी ओरडत. एका पाहुणीने आंब्याचे चित्र दाखवले तेव्हा सगळा वर्ग मुका झाला. तिने 'मँगो' म्हटल्यावर असा गलका झाला की त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आले. करिश्मा तेव्हा आठवीत होती. बाहेर येऊन ती म्हणाली, "म्याडम, मी तर आंब्याले मोहर केव्हा येते थेबी इंग्रजीत सांगतलं असतं."

"चूप बस. पाहुनी किती खुश झाली पाय," रश्मी म्हणाली.

"थे खुश झाली, अन् आपुन?"

रश्मी हसली. मीही हसलो होतो.

पुढे केंद्र चालू ठेवायचे की नाही हे ठरवायला मिशनच्या अमरावती कार्यालयाच्या शमुवेल शिरसाट साहेबांनी पाहुण्यांचे मत मागवले. सर्वांनी एकच लिहिले: मुले गोड आहेत, पण त्यांना काही येत नाही. केंद्र बंद झाले. रश्मी म्हणाली, "साहेब, पोरांना एकदा विचारायचं होतं." ते म्हणाले, "मॅडम, पाहुणे खोटं कशाला लिहितील?"

दुसऱ्याच दिवशी तिने वर्ग आमच्या घरी आणला. पण तिची भूक गेली ती गेलीच. रश्मीवरही माझा राग आहे. एका तरी पाहुण्याला तिने खरे सांगायला हवे होते. आता हे तिला कसे ऐकवू?

३. पोस्टातली ठेव वर्गाच्या विजेला, खडूंना आणि करिश्माच्या मानधनाला वापरावी. शेजारी सूर्यभान गावंडे यांनी त्यावर लक्ष ठेवावे. खूर कापायचा चिमटा आणि बाकीची हत्यारे दवाखान्यातले माझे जुने सोबती संघपाल खंडारे यांना. ते चिमट्याला तेल देणार नाहीत हे मला माहीत आहे, तरी देतो.

४. शिरसाट साहेबांनी रश्मी गेल्यावर झालेल्या जलदान विधीच्या दिवशी 'उत्कृष्ट सेवेबद्दल' असे लिहिलेली ढाल आणून दिली. ती त्यांना परत करावी. सोबत चिठ्ठी नको.

५. वर्गात कुठल्याही धर्माची पाटी लावू नये. पाहुणे आले तर त्यांना आदराने चहा द्यावा, चटईवर मुलांमध्ये बसवावे. त्या दिवशी मुलांनी शिकवावे. ज्याला जे येते ते त्याने लपवू नये. ही अट मोडल्यास घराबद्दल कोणी भांडू नये, पण मला वाईट वाटेल.

६. माझा अंत्यविधी साधा, बौद्ध पद्धतीने करावा. शेखरने खांदा द्यावा. भाषण करू नये.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली व त्यांनी माझ्यासमोर केली.

श्रावण बुधाजी तेलगोटे

साक्षीदार:
सूर्यभान पुंडलिक गावंडे
संघपाल किसन खंडारे

हिवरखेड, २१ जानेवारी २०२५

सहीनंतरची नोंद: केंद्राचा फळा समोरच्या खोलीत आहे. त्याच्या माथ्यावर एका पाहुण्याने ऑइल पेंटने इंग्रजीत 'लेसन वन' लिहून बाजूला फूल काढले होते. "पाहुण्याचं अक्षर आहे, राहू द्या," म्हणून रश्मी त्याच्या खालीच लिहायची. साक्षीदार चहा घेऊन गेले. मी थिनरची बाटली काढली, जुन्या बनियनचा बोळा केला आणि फळा पुसायला घेतला. फूल निघाले आहे. अक्षरांना वेळ लागतो आहे.