वरची फळी

४ मार्च
पुतणी वही घेऊन आली. आमच्या व्हायोलिनच्या दुकानाला पुढच्या महिन्यात ऐंशी वर्षं होतात; दर्शनी भिंतीवर पाटी लावायची आहे. आजोबा, बाबा, दादा, मी — कोणी काय केलं, दोन-दोन ओळी. दादाचं, म्हणजे स्वतःच्या वडिलांचं, तिने आधीच लिहून आणलं होतं. वाचून दाखवलं: "थोरले चिरंजीव सुरुवातीपासून स्वेच्छेने विक्री सांभाळतात."
"बरोबर ना, काका?"
बरोबर, म्हणालो.

५ मार्च
बरोबर नाही.

७ मार्च
लिहून टाकावं. एकोणचाळीस वर्षांत कुठेच लिहिलेलं नाही.
दादा तेव्हा चोवीस वर्षांचा, मी एकोणीस. त्याने पहिल्यांदाच एकट्याने व्हायोलिनची वरची फळी कोरली होती. फळी झाली की टिचकी मारून कानाशी धरायची — ही आमच्या घरची परीक्षा. दादा जेवायला गेला होता. मी टिचकी मारली. आवाज जरा बसका वाटला. म्हटलं, दोनच हात फिरवू. पातं घेऊन आतून खरवडायला लागलो. दोनाचे वीस कधी झाले कळलं नाही. भुसा फुंकला. फळी होती तिथे ठेवली.
बाबांनी ती सरसाने बसवली, तारा चढवल्या. आठवड्यात, तारांचा भार पेलणाऱ्या घोडीखाली ती खचली.
"तुझा हात जड आहे," ते दादाला म्हणाले. "उद्यापासून पुढे दुकानात बस."
दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. मी सरस ढवळत होतो. ढवळतच राहिलो.
खचलेलं व्हायोलिन बाबांनी माझ्या टेबलासमोरच्या खिळ्याला टांगलं. अजून तिथेच आहे.

९ मार्च
एक गिऱ्हाईक स्वतःच्याच व्हायोलिनवर बसलं. तुकडे पिशवीत घालून आणले. दादाचा आवाज पुढून ऐकू आला: "आमच्या धाकट्याकडे द्या. मेलेलं उठवून गायला लावतो तो. मी आपला तारा विकणारा माणूस."
गिऱ्हाईक हसलं. मीही.

१२ मार्च
पुतणीला खिळ्यावरचं व्हायोलिन हवंय — दुरुस्त करून पाटीखाली ठेवायला. "पप्पांनी केलेलं एवढं एकच ना?" मी म्हणालो, लाकूड गेलंय, हात लावण्यात अर्थ नाही.
दादा दारात उभा होता. "उघड की. मेलेलं उठवतोस ना?"

१५ मार्च
उघडलं. सुरी कडेने फिरवली, सरस कट् कट् करत सुटला. फळी मधोमध इतकी पातळ, की खिडकीसमोर धरली तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते.
वाद्य बंद करण्यापूर्वी कोणी काय केलं ते आत पेन्सिलीने लिहायचं, ही आजोबांपासूनची रीत. पुन्हा उघडेपर्यंत ते कोणाला दिसत नाही.
बाबांचं अक्षर. "फळी — थोरला." हे असणार हे ठाऊकच होतं. त्याखाली, त्याच अक्षरात: "शेवटचा हात — धाकटा."
तारीख फळी बसवल्याच्या दिवसाची. म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं! तरी तारा चढवल्या. तरी दादालाच उठवलं.
त्यानंतर अकरा वर्षं, जाईपर्यंत, ते रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन थोडा वेळ उभे राहायचे. मला वाटायचं, काम बघतात.

१६ मार्च
पातं हातात घेतलं होतं. दोन हातांत ती ओळ गेली असती.
ठेवून दिलं.

१७ मार्च
दुपारी दादाला मागे बोलावलं. तो जेवायला गेला होता इथपासून सगळं सांगितलं. फळी पुढे केली. चष्मा कपाळावर सारून त्याने वाचलं. दोनदा.
"तुझं मला तेव्हाच कळलं होतं रे. माझ्या फळीची जाडी मला ठाऊक नसणार?"
मग फळी टेबलावर पालथी ठेवली.
"बाबांना माहीत नव्हतं — एवढ्याच समजुतीवर बसलो होतो मी पुढे दुकानात."