शहरबानूसाठी अंडरकट

गुरुवार, १२ जानेवारी १९७८

शहरबानूला कुवेतला आणायला खरं काय लागलं, ते आज मांडून पाहिलं. दिनार सोडून देतो, ते जातात आणि येतात. माझ्या बाजूला : कफीलच्या, म्हणजे माझ्या कुवेती जामीनदाराच्या, बैठकीत नुसतं हसत बसून घालवलेल्या संध्याकाळी, अब्बासियात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक नवा पलंग. तिच्या बाजूला : दारातला फणस, विहिरीवरच्या बायका, भाऊ-भावजय, दोन शेळ्या. तिची बाजू जड निघाली. आजपर्यंत हे दिसलं नव्हतं.

मांडायचं कारण — सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली, "माजा इकामा फेब्रुवारीत संपतो ना? नवा नका करू. मी जातंय घरी."

भांडण नाही, रडणं नाही. मी विचारलं, का? "तितं बरं वाटतं." एवढंच!

लग्न होऊन एकवीस वर्षं. त्यातली एकत्र किती, ते माझ्या सुट्ट्या जोडून सांगावं लागेल. यूनुस कराडला हॉस्टेलवर गेला, दाभोळचं घर ओस पडलं, म्हणून हिला बोलावलं. वर्षसुद्धा झालं नाही आणि निघाली. मी म्हटलं, राहायच्या परवान्याला अजून वेळ आहे, महिनाअखेरपर्यंत विचार कर, मग सांग. मान हलवली. पण ती मान मला ठाऊक आहे — नको असलेल्या भाजीलाही ती तशीच हलवते.

शनिवार, १४ जानेवारी

अम्गऱ्याला गॅरेजवर एक कुवेती म्हातारा आला. मोठी अमेरिकन गाडी, दोन-तीन गॅरेजं फिरून आलेली. सगळ्यांनी इंजिन उतरवायला सांगितलेलं. मी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली. म्हटलं, पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. उघडलं — बेअरिंगच! म्हातारा म्हणाला, मजीद, तुझ्या कानात डॉक्टर बसलाय.

खोटं नाही. अहमदीला तेल कंपनीच्या मेसमध्ये बश्या धुवायला लागलो तेव्हा ना इंग्रजी येत होतं, ना अरबी, ना हातात काही कसब. जे मिळवलं ते कानांनी. साहेब कसे बोलतात ते ऐकून बोलायला शिकलो, यंत्र कसं बोलतं ते ऐकून दुरुस्त करायला. लोखंड असो की माणूस, आत बिघाड झाला की आवाज बदलतो, आणि तो माझ्या कानातून सुटत नाही. हे गर्वाने लिहीत नाही. — बरं, गर्वानेच लिहितोय! वहीपासून काय लपवायचं?

शहरबानूचाही आवाज बदललाय. खाली गेलाय. एक वाक्य दोनदा तोडून बोलते. जलीबच्या खोलीत आम्ही एकाला लागून एक पथाऱ्या टाकून राहायचो, तेव्हा गावाहून नवा पोरगा आला की महिनाभर असाच बोलायचा. घराची ओढ. दुसरं काय.

सोमवार, १६ जानेवारी

ताटात अर्धं टाकते. बांगड्याचं कालवण केलं होतं, तिच्याच हातचं, तेही दोन घास. पोट भरलं म्हणते. निजायच्या वेळी उशा भिंतीशी रचून टेकून बसते, तोंड खिडकीकडे. मी विचारलं, काय बघतेस? बाहेर पाण्याच्या टाक्या आणि अँटेना. "काय नाय. असाच बरं वाटतं."

बकाल्यातून कांदे-बटाटे घेऊन येताना दुसऱ्या मजल्यावर थांबली. पिशवी खाली ठेवली, कठडा धरला. "जिने नको वाटतात माला." म्हटलं, तळमजल्यावर जागा बघू? हसली. "तळमजल्यावर काय दाभोळ हाय?"

पिशवी मीच वर नेली.

बुधवार, १८ जानेवारी

झहूरकडे गेलो. बाणकोटचा. मेसमध्ये तो आचारी होता आणि मी बश्या धुणारा; आज त्याचा स्वतःचा भटारखाना आहे, शंभर माणसांचे डबे जातात. मला अजून 'मज्या'च म्हणतो. तसं म्हणणारा आता तोच एक उरलाय.

सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मज्या, तुझ्या आयुष्यात तू बायकोला कधी ताट वाढलंस?"

"सुट्टीत किती दिवस असतो मी? त्यात वाढू?"

"तेच विचारतोय. वाढलंस?"

मग तोच म्हणाला, साहेबाची मेम रुसली की साहेब काय करायचा आठवतं? क्लबात जायचा नाही. घरीच स्वतःच्या हाताने अर्ध्या तासात स्टेक आणि क्रीम घातलेली मकरोना.

आठवतं! म्हणजे वास आठवतो, आणि आवाज. पहिल्या सुट्टीत शहरबानूने विचारलं होतं, साहेब लोक खातात तरी काय? मी तिला तव्यावरचा आवाज काढून दाखवला होता — छर्र! मकरोना म्हणजे पांढऱ्या जाड शेवया म्हणून सांगितलं. तोंडावर पदर धरून हसली आणि म्हणाली, एकदा खायला घाला. यूनुस तेव्हा जन्मायचा होता.

झहूरने सगळं सांगितलं. अंडरकट, म्हणजे पाठीखालचं मऊ मांस घे, दोन बोटं जाड. फडक्याने पूस — मांस कोरडं पाहिजे, हे विसरलास तर बाकी सगळं विसर. तवा धूर सोडेपर्यंत तापव. टाकल्यावर चाळवू नको. आवाज बारीक झाला की उलट. मग काढून झाकून ठेव, लगेच कापू नको. त्याच तव्यात लोणी, लसूण, मिरपूड, मकरोना उकडलेल्या पाण्यातलं वाटीभर पाणी, शेवटी क्रीम. "क्रीम पडल्यावर आच बारीक. तुझी घाई तिथे नको. फाटेल."

निघताना म्हणाला, "आणि राहा म्हणू नको. फक्त वाढ."

शुक्रवार, २० जानेवारी

काल संध्याकाळी केलं. नीट लिहून ठेवतो.

कसायाकडून अंडरकट आणलं, जमियाच्या दुकानातून मकरोना, क्रीमचा डबा, लोणी, दोन काटे, दोन सुऱ्या. शहरबानू ओट्याशी येऊन उभी. "तुमी? चुलीशी?" तिला खुर्चीवर बसवलं. मांस पुसून, बशीत फडक्याखाली ठेवून मगरिबच्या नमाजाला खाली गेलो. मशीद कोपऱ्यावरच.

परत आलो, तवा चढवला. धूर आला. पहिला तुकडा सोडला — आणि छर्र नाही! फस्स. मग बुडबुडे. तव्यात पाणीच पाणी. कानाला लगेच कळलं, काहीतरी चुकलं. वाकून पाहतो तर कडा पिवळ्या!

"मांसाचं काय केलंस?"

"धुतलं." सहज. "तीन पाण्यानी. हळद-मीठ लावलं. तसाच रगत घेऊन शिजवणार होतात?"

रागावू कोणावर? आमच्या किनाऱ्यावरची कुठली बाई न धुतलेलं मांस चुलीवर चढू देईल? माझी आई नाही, तिची आई नाही. झहूरने सगळं सांगितलं, पण घरात शहरबानू आहे हे तो विसरला. मीही विसरलो! बायको घरात असण्याची सवय नसलेल्या माणसाची चूक ही.

तुकडा बाहेर काढला. दोन्ही पुन्हा पुसले, तवा पुसला, पुन्हा धूर येऊ दिला. या वेळी आवाज आला. तोच, अहमदीचा. मी हात वर करून म्हटलं, "ऐक! हाच तो!" तिने मान वाकडी करून ऐकलं. "तुमी काढून दावला होतात तसाच हाय की!" म्हणजे लक्षात होतं. इतकी वर्षं.

बशीत घेतल्यावर स्टेक हळदीने पिवळीधमक. म्हटलं, राणीच्या घरीही अशी कोणी खाल्ली नसेल. तिला हसू फुटलं — खरं हसू, दाराची चौकट धरून. हसता हसता खोकला आला, पाणी दिलं, मग शांत झाली. डोळ्यांत पाणी होतं. मी तिकडे पाहिलं नाही.

मकरोना मात्र जमली. क्रीम पडलं तेव्हा आच बारीक ठेवली, हाताला घाई करू दिली नाही. वर मिरपूड. तिने काटा बाजूला ठेवला, बोटांनी एक उचलून पाहिली. "ह्या शिरवाळ्याच झाल्या! नारळाचा रस नाय, एवढाच." आणि जेवली. हळूहळू, मध्ये थांबत, पण बशी पुरी केली. मांसाचे चार तुकडे. मी माझ्या बशीतले बारीक कापून तिच्या बशीत सरकवत होतो. समोरासमोर बसून आम्ही दोघंच जेवलोय, असं आधी कधी झालं होतं ते आठवेना. गावाला पंगत असते, पुरुष आधी.

झहूरचं ऐकलं. राहा म्हटलं नाही.

बश्या मी धुवायला घेतल्या. ती म्हणाली, "पुढच्या येळी मी करीन. मांस नाय धुणार."

पुढच्या वेळी! कान टवकारले. बश्या धुवत राहिलो.

शनिवार, २१ जानेवारी

आज सकाळी स्वतःहून : "इकामा करा नवा. राहतंय मी."

विचारलं, नक्की? "तुमी एवढा केलात. मग?"

गॅरेजवर सगळ्यांना चहा आणि समोसे. झहूरला फोन केला. तो म्हणाला, "बघ! अर्ध्या तासाचं काम होतं, वीस वर्षं लावलीस." त्याला म्हटलं, अरे, मी आधीच ओळखलं होतं — 'पुढच्या येळी' म्हणाली तेव्हाच आवाजात फरक पडला होता. बाईच्या मनातलं ती बोलायच्या आधी मला ऐकू येतं!

बुधवार, २५ जानेवारी

अजून उशांना टेकूनच बसते. सवय. जाईल हळूहळू. पाय सुजल्यासारखे वाटले, चपला बदलायला हव्यात. शुक्रवारी घेऊ.

मंगळवार, ३१ जानेवारी

आजचं क्रमाने लिहितो.

इकाम्यासाठी तिचे फोटो काढायला गेलो होतो. फोटोवाल्याने हस म्हटलं तर लाजली. परत येताना जिन्यात मी पुढे, ती मागे. मी बोलत होतो — उन्हाळ्यात यूनुसला इथे बोलवू, त्याला समुद्र दाखवू, असं काहीबाही. दुसऱ्या मजल्यावर लक्षात आलं, मागे पावलं नाहीत. पायरीवर बसली होती. ओठ निळे. बोलायला जाते तर आवाज नाही.

पहिल्या मजल्यावरच्या शामलाताई, हॉस्पिटलात नर्स आहेत, कामावरून नुकत्याच आलेल्या, पांढऱ्या कपड्यातच धावत वर आल्या. तिच्या पाठीला कान लावला. मग छातीवर हात ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. "मजीदभाई, गाडी काढा. आत्ता."

गाडीत मागे त्यांनी तिला धरून बसवलं होतं. आडवी होऊ देईनात. विचारत होत्या, "शहरबानू, झोपता कशा तुम्ही?"

"बसून."

"कधीपासून?"

"दाभोळपासनं. तितं ओटीवर बसून निजायची. जिना नाय तितं, बरं वाटायचं."

"मग घरी सांगितलं का नाही?"

एकेक शब्द : "यांनी... एवढ्या हौसेनं... आणलं."

आरशातून तिचा चेहरा दिसत होता. मी आरसा वळवला.

बुधवार, १ फेब्रुवारी

ऑक्सिजन लावलाय. आत बायकांच्या वॉर्डात मला थोडाच वेळ सोडतात. आता तिने बोटाने खूण केली, घरी जा, जेवा. मी मान हलवली. गेलो नाही.

झहूर डबा घेऊन आला. शामलाताईंनी डॉक्टरांना विचारून त्याला सांगितलं, बिनमिठाचं द्यायचं. आजपासून तिला मीठ बंद.

गुरुवार, २ फेब्रुवारी

हृदयाची एक झडप पुरती मिटत नाही. लहानपणी ताप येऊन सांधे धरले होते, तेव्हापासूनचं. ऑपरेशन झेपेल का, ते शनिवारी सांगतील. डॉक्टर म्हणाले, झडपेचा आवाज जुना आहे, लग्नाच्या आधीपासून असणार; आणि इतका मोठा, की तपासायची नळी लागत नाही, छातीला नुसता कान लावला तरी कोणालाही ऐकू येतो.