टॅम्सिनच्या गालावरचं रक्त

क्रिस्पिनदादा,

आज सकाळी मी वर्दीत तुझ्या घोड्यापुढे उभी राहिले, तेव्हा तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "हवालदारीणबाई, कोल्ह्याच्या शिकारीवर बंदी आहे ना? आमची कुत्री कोल्ह्याचा वास लावलेल्या चिंधीमागे धावतात!" सगळे खिदळले. हाती पुरावा नव्हता, मी परतले.

संध्याकाळी तू माझ्या टॅम्सिनला घरी सोडलंस. तिची पहिलीच शिकार, म्हणून घराण्याची रीत पाळून तिच्या गालांना रक्त फासलं होतंस. पोर नाचत होती, "आई, मामा म्हणतो, आता मी मोठी झाले!"

चिंधीला रक्त कधीपासून यायला लागलं रे?

तिचे गाल मी पांढऱ्या रुमालाने पुसले. रुमाल चौकीत मोहोरबंद ठेवलाय. हे पत्र पाठवलं तर तू सावध होशील. त्यापेक्षा उद्या मीच येते, वर्दीत.

तुझी धाकटी,
हेस्टर